सालोंगोचं अर्धं गाणं

३ फेब्रुवारी, मंगळवार

टक्-टाक्, टक्-टाक्. आज पहाटे या आवाजाने जाग आली. उठून खिडकी उघडली तर बाहेर सामसूम. मग उमगलं, आवाज बाहेरचा नव्हेच, माझ्या लहानपणचा आहे. शाळेमागच्या उतारावर सालीचं कापड करणारे दोघे भाऊ राहायचे. झाडाची ओली साल लाकडी मोगऱ्यांनी ठोकून ठोकून ती रुंद करायची. एकाची मोगरी वर, तेव्हा दुसऱ्याची खाली. वर्गात आम्ही बर्फावरची कविता एका सुरात म्हणत असू आणि बाहेर हा ठेका. बर्फ मास्तरांनीही पाहिलेला नव्हता, पण त्या ठोक्यांवर तो फार सुंदर पडायचा. पुढे जन्मभर मी तीच कविता शिकवली. बर्फ अजून पाहायचाच आहे.

परवा रविवारी चर्च सुटल्यावर सिस्टर तेओपिस्ताने गाठलं. ती हॉस्पिसची नर्स. जे बरे होणार नाहीत त्यांच्या घरी जाऊन त्यांचं दुखणं हलकं करायचं, हे तिचं काम. म्हणाली, "मास्तर, औषध मी देते. पण औषध पिऊन झाल्यावर दिवस उरतोच ना. कुणीतरी जाऊन बसावं, गावं, वाचून दाखवावं. तुमचा आवाज चांगला आहे."

चांगला आहे हे खरंच. मी थोडे आढेवेढे घेतले. मला तसा वेळ नसतो. सकाळी केळीची बाग, दुपारी रेडिओ. रेडिओ मी ऐकत नाही, नुसता बोलत ठेवतो. चोराला वाटावं, घरात माणसं आहेत.

तिने एक नाव दिलंय. सालोंगो. जुळी झालेल्या बापाला आमच्याकडे सगळेच सालोंगो म्हणतात, आईला नालोंगो. त्याचं खरं नाव सिस्टरला ठाऊक नाही. सायकली दुरुस्त करायचा आणि लग्नांत वाजवायचा. पोटात गाठ आहे.

संध्याकाळी चार गंभीर कविता निवडून ठेवल्या. मृत्यूवरच्या दोन, सूर्यास्ताची एक, आणि बर्फ.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला दिवस. अपमान झाला की सन्मान, अजून ठरत नाही.

सालोंगो ओसरीवर गादी टाकून पडला होता. हाडांचा सांगाडा, पण डोळे एखाद्या वांड पोरासारखे. त्याची बायको नालोंगो बाजूला बसून उकडून मटोके करायची कच्ची केळी सोलत होती. मी घसा साफ करून सूर्यास्ताची कविता सुरू केली. दुसऱ्या कडव्याला त्याने डोळे मिटले. तिसऱ्याला तोंड उघडं पडलं. चौथ्याला श्वासच दिसेना. मी घाबरून "नालोंगो!" म्हणून ओरडलो.

ती म्हणाली, "काही नाही झालेलं त्यांना. पाद्रीबाबा आले होते तेव्हाही असंच केलं."

त्याने एक डोळा उघडला. "मास्तर, मी मरणारच आहे. तुम्ही कशाला घाई करता?"

मग म्हणाला, "हात दाखव." एकदम एकेरीत आला. माझी बायको मिरियाम गेल्यापासून मला कुणी एकेरीत हाक मारलेली नाही. रागावायला हवं होतं. मी हात दाखवले. त्याने तळवे उलटेपालटे करून पाहिले. भाव ठरवण्याआधी कोंबडी चाचपावी, तसे. "टिपऱ्या धरवतील. नालोंगो, पट्ट्या काढ."

ती पलंगाखालून गोणपाट ओढत म्हणाली, "मी फक्त गोणपाटाला हात लावते हं." या वाद्याला बाईने शिवायचं नाही, असं आमच्याकडचं जुनं म्हणणं. आत अमादिंदाच्या पट्ट्या होत्या. काळपट, जड लाकूड, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं. केळीचे दोन ताजे खांब जमिनीवर समांतर ठेवायचे, त्यांवर आडव्या पट्ट्या मांडायच्या आणि दोन माणसांनी समोरासमोर बसायचं. एकाने ठोका मारला की दुसऱ्याने त्याच्या दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत आपला मारायचा. गाणं एकट्याच्या हातात नसतंच. ते दोघांच्या मधे कुठेतरी तयार होतं.

त्याच्या बापाने एक गाणं रचलं होतं, 'करकोच्याचं लग्न'. कुणाच्या तरी लग्नात करकोचा मांडवात शिरला आणि नवरदेवाच्या पानातलं मांस घेऊन उडाला, त्यावरचं. सालोंगो आणि त्याचा भाऊ ते वाजवायचे. आता भाऊ नाही. दुसरी बाजू दुसऱ्या कुणाला येत नाही.

"म्हणून गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यात अर्धंच लग्न चाललंय," तो म्हणाला. "हात चालतायत तोवर एकदा ते पुरं ऐकायचंय. मला अर्धं गाणं घेऊन पुरू नका रे."

मी विचारलं, "एखाद्या तरुणाला का नाही शिकवत?"

"तरुणांना कामं असतात," तो म्हणाला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज पहिला धडा. माझ्या बागेतले खांब मीच तोडून नेले. नालोंगोने मोठं ताट भरून मटोके आणि शेंगदाण्याचं कढण वाढलं. सालोंगो तिला म्हणाला, "मास्तरला दोनदा वाढ. तो जेवताना पाहिला की मला भूक लागते." खुद्द त्याने मात्र दोनच घास खाल्ले. तरी माझ्या येण्याने रोग्याच्या जिभेला चव येतेय, हे सिस्टरला सांगायला हवं.

धड्याचं काय सांगू! माझी बाजू एकटी वाजवली तर अगदी सोपी. पोरसुद्धा वाजवेल. पण सालोंगोने समोरून सुरुवात केली की माझे हात त्याच्याबरोबर पडायला लागतात. दोघांचा ठोका एकदमच.

"मधे मार, मधे! माझ्या डोक्यावर नको!"

"मी मधेच मारतोय."

"तू माझ्या मांडीवर बसतोयस, मास्तर."

जन्मभर मी पोरांना एका सुरात, एका तालात म्हणायला लावलं. कुणी मागेपुढे झालं तर डस्टर आपटला. आता या वयात उलटं शिकायचं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज निराळीच चूक झाली. ठोके मधे पडू लागले. आणि ते पडताक्षणी वर, हवेत, तिसराच एक सूर ऐकू आला. तो ना माझा, ना त्याचा. करकोचा उडावा तसा. मी ऐकत राहिलो. ऐकता ऐकता हात थांबले.

सालोंगोने टिपरी फेकून मारली. नेम चुकला, ती कोंबडीला लागली.

"वाजवताना ऐकायचं नसतं! स्वतःच्या ठोक्यावर लक्ष दे. गाणं ऐकायला दुसरे असतात."

"पण फार सुंदर होतं हो."

"मला काय माहीत! तू थांबलास, मला कुठे ऐकू आलं?"

नालोंगो मागे केळी सोलता सोलता हसत होती. सुरीची मूठ पाटीवर टकटक आपटत होती. बायकांना हसू आलं की हातही स्थिर राहत नाहीत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज वाजवणं नाही. त्याला दुखत होतं. सिस्टर येऊन औषध वाढवून गेली. त्याची बाटली त्याच्या उशाशी असते. पिताना तोंड असं करतो, की जणू मीच ते कडू केलंय. दुखणं ओसरल्यावर भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मास्तर, तुझ्या बायकोला शेवटी ऐकू येत होतं का?"

मी सांगितलं, सिस्टर म्हणते की ऐकणं सगळ्यात शेवटी जातं. म्हणून मी मिरियामच्या उशाशी बसून कविता म्हटली होती.

"कुठली?"

"बर्फावरची."

"पूर्ण?"

"शेवटून दुसऱ्या कडव्यापर्यंत. तिथे ती 'पुरे' म्हणाली. मग काही बोललीच नाही."

तो एवढा हसला की नालोंगो धावत आली. हसताना पोट धरत होता, दुखतही होतं, तरी हसत होता. मलाही हसू फुटलं. हा प्रसंग मी कधी कुणाला सांगितला नव्हता. ते 'पुरे' कवितेला उद्देशून होतं की दुखण्याला, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. सालोंगो म्हणतो, नक्की कवितेला.

परत येताना पायवाटेवर चक्क शीळ वाजवत होतो. रोग्याला इतका आनंद दिल्याचं समाधान असावं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सालोंगोचा डावा हात सुजलाय. सिस्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "जे करायचं ते लवकर करा, मास्तर." त्याने तिकडून हाक मारली, "कुजबुजू नका. मला काय ते ठाऊक आहे. माझ्या सालीच्या कापडाच्या घड्याही पलंगाखाली आहेत, पट्ट्यांच्या शेजारी. मला गुंडाळताना घाईत लाकूड गुंडाळू नका म्हणजे झालं."

आज आम्ही गाण्याच्या तिसऱ्या वळणापर्यंत पोचलो. तिथे मी परत ऐकू लागलो. मला ते टाळताच येत नाही. हात माझे आहेत, पण कान कुणाचे आहेत कोण जाणे.

मी म्हणालो, "सालोंगो, माझ्याच्याने होणार नाही. तुम्ही दुसरा माणूस बघा."

"बघतो," तो म्हणाला. "तू मंगळवारी ये."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

मी आज घोटाळा केला.

नेहमीसारखा तिसऱ्या वळणाला थांबलो. पण गाणं थांबलं नाही. सालोंगो वाजवत होता आणि त्याच्या ठोक्यांच्या मधे, नेमके, ठोके पडत होते. माझ्या टिपऱ्या तर मांडीवर. वळून पाहिलं. नालोंगो पालथ्या पातेल्यावर दोन डावांनी वाजवत होती, डोळे मिटून. पुढचं वळण, त्याच्या पुढचं. एकही ठोका कमी नाही. मी वळल्याचं तिला जाणवलं आणि ती दचकून थांबली. डाव तिने पाठीमागे लपवले. चोरी पकडल्यासारखे.

मी शहाणपणा केला. म्हणालो, "नालोंगो, तुम्हाला सगळं येतं! मग तुम्हीच बसा ना इथे."

सालोंगोने टिपऱ्या खाली ठेवल्या.

ती म्हणाली, "मास्तर, काहीतरीच काय बोलता! बाईमाणूस पट्ट्यांना बसलेलं कधी पाहिलंय? यांच्या बहिणी ऐकतील तर यांच्याआधी मलाच पुरतील."

"पण गाणं..."

"ते माझे हात आपले चाळा करतात. मला काही येत नाही."

सालोंगो माझ्याकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता. असा, की जणू ही बाई त्याने आज पहिल्यांदाच पाहिली. मी त्याला इतका गंभीर कधी पाहिला नव्हता. शेवटी म्हणाला, "मास्तर, तू आज घरी जा."

मी टोपी घेतली आणि निघालो. जेवायला थांब, असंही कुणी म्हणालं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

रात्रभर विचार केला. मरणाच्या दारातल्या माणसाच्या घरात जाऊन मी त्याच्या बायकोला त्याच्या देखत लाजवलं. त्याच्या चालीरीतींना हात घातला. शाळेत इन्स्पेक्टर यायचे ना, वर्गात शिरून फळ्यावरची चूक दाखवणारे, तसा मी. आता शुक्रवारी जाऊ नये हेच बरं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलो नाही. अख्खा दिवस फार लांब होता. रेडिओवर कांद्यावरच्या किडीबद्दल भाषण होतं, ते पूर्ण ऐकलं. माझ्याकडे कांदे नाहीत.

१ मार्च, रविवार

चर्चनंतर सिस्टरने गाठलंच. हातात केळीच्या पानात वाफवलेल्या कोंबडीचं गरम पुडकं. "नालोंगोने पाठवलंय. आणि विचारलंय, तुम्हाला बरं नाही का?"

किती ती खानदानी माणसं! कुणाला घरी येऊ नको म्हणून सांगायचं तेही कोंबडी पाठवून.

मी विचारलं, "तो कसा आहे?"

"दोघंही रात्र रात्र झोपत नाहीत," ती म्हणाली. "मी कालच त्यांना रागावले. शेजारी तक्रार करतायत."

मला पुढे ऐकवेना. दुखणं एवढं वाढलंय की शेजाऱ्यांपर्यंत आवाज जातो! मी म्हटलं, "औषधाने काहीच उपयोग नाही का?"

ती माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहत राहिली. मग ओठ आवळले. हसू दाबतात तसे, पण ते रडू असणार. या मुलींना कामात फार सोसावं लागतं. "मास्तर, तुम्ही एकदा या तर," एवढंच म्हणाली आणि मोटारीत बसली.

कोंबडी उत्तम होती. दोनदा वाढून घेतली. मग लक्षात आलं, वाढणारा मीच.

३ मार्च, मंगळवार

सकाळपासून क्षमा मागायला चार ओळी रचतोय. स्वतः गेलो नाही तरी सिस्टरच्या हाती पाठवता येतील. 'ठोका'ला 'धोका' आणि 'झोका' एवढंच सुचतंय, आणि दोन्ही आजारी माणसाला लिहिण्यासारखे नाहीत. आज जाण्याचा दिवस. पाय आपोआप टोपीकडे गेले होते, त्यांना परत आणलं. तो म्हणाला होता, हात चालतायत तोवर. ते अजून चालत असतील का? त्याचं गाणं अर्धंच राहिलं, आणि जे काही जमत आलं होतं ते मी माझ्या तोंडाने मोडलं. निदान एवढं तरी

दारावर कुणीतरी ठोकतंय. टपालवाला असेल. बघून येतो.

तेच पान. अक्षर वेडंवाकडं आलंय.

दार उघडलं तर सालोंगो. उभा! एका काखेत सिस्टर, दुसऱ्या काखेत नालोंगो, आणि मधे तो, वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा. मागे हॉस्पिसची मोटार, मागचं दार उघडं, आत गादी आणि ते गोणपाट. नालोंगोने सणाची पायघोळ गोमेसी नेसली होती आणि कमरेच्या रुंद शेल्यात, सुरी खोचावी तशा, दोन टिपऱ्या खोचल्या होत्या.

"आत ये म्हणतोस की दारातच मरू?" तो म्हणाला.

"तुम्ही... मला वाटलं तुम्ही रागावलात."

"रागावलो ना. एक संध्याकाळभर. इतकी वर्षं माझ्या मागे बसून ही केळी सोलत होती की गाणं सोलत होती, हे मला कळलं नाही म्हणून स्वतःवर रागावलो. मग हिला म्हटलं, बस समोर. तर ही म्हणते, तुमच्या बहिणी! म्हटलं, मरणाऱ्या माणसाचं ऐकायचं असतं, तोवर बहिणींना सांगू मास्तर वाजवतोय."

"गेले चार दिवस सगळी टेकडी म्हणतेय, मास्तरांनी काय हात सुधारलाय!" सिस्टर म्हणाली आणि आता मात्र खदखदून हसली.

"दीर चांगले वाजवायचे," नालोंगो खाली बघत म्हणाली, "पण तिसऱ्या वळणाला घाई करायचे."

"ऐकलंस? आता वर गेल्यावर भावाला हे कसं सांगू मी?"

मी म्हणालो, "मग झालं तर. गाणं पुरं झालं. तुम्ही ऐकलंत."

"कुठलं पुरं? आणि ऐकलं कुणी? ही वाजवते, मी वाजवतो. वाजवताना ऐकता येत नाही हे तुला किती वेळा सांगायचं? अरे, टोकाच्या दोन पट्ट्या रिकाम्या आहेत. तिसरा माणूस कुठाय?"

तिसरा. मी तर त्याला विसरूनच गेलो होतो. लग्नांत वाजवणाऱ्यांच्या कडेला एकजण बसायचा. त्याला स्वतःची चाल नसते. दोघांच्या ठोक्यांतून अगदी खालच्या दोन पट्ट्यांवर जे सूर पडतात, तेवढे त्याने कानाने वेचायचे आणि वरच्या टोकाच्या दोन बारक्या पट्ट्यांवर परत म्हणायचे. तो वाजवू लागला की मगच मांडवातल्या माणसांना गाणं ओळखू येतं.

"मला नाही जमणार," मी म्हणालो. "मी ऐकतच राहतो."

"त्याचं तेच तर काम आहे!" सालोंगो ओरडला. त्या आवाजाने त्याला धाप लागली, सिस्टरने सावरलं. मग हळू म्हणाला, "माझा डावा हात आजचा दिवस काढेल. उद्याचं सिस्टरही सांगत नाही. तू आम्हाला ऐक आणि वरून वाजव. म्हणजे मलाही ऐकू येईल."

आता तिघं अंगणात आहेत. सिस्टरने गादी पसरलीय. नालोंगो विळा घेऊन बागेत शिरली आणि माझ्या सगळ्यात चांगल्या केळीचा खांब तिने एका घावात आडवा केला. मला वाटतं, ते एवढ्या लांब आले ते खांबांसाठीच. त्यांच्या बागेत आता जाड खांब उरले नसणार. काही का असेना, माझ्या अंगणात फार दिवसांनी

तिकडून टिपरी दारावर येऊन आदळली. या वेळी नेम बरोबर लागला.

"मास्तर! ते लिहिणं मी मेल्यावर कर, रग्गड वेळ असेल तुला!"